नारिंगी माळ, अडीच मैल

माझा धाकटा भाऊ ऑगस्ट 2016 मध्ये आत्महत्येने गेला. हे वाक्य मराठीत लिहायला मला आठ वर्षं लागली. 6 ऑक्टोबर 2024 च्या रविवारी मी त्याच्यासाठी इथे न्यू जर्सीत 'आउट ऑफ द डार्कनेस' या सामूहिक वॉकमध्ये चालले. जाण्याआधी आपल्यातल्या कुणी याबद्दल लिहिलंय का म्हणून खूप शोधलं, मराठीत काहीच सापडलं नाही. म्हणून जे जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवते आहे. भावाचं नाव यात येणार नाही. आईला तसा शब्द दिला आहे.

आमचं घर नाशिकचं. तो गेला तेव्हा मला इथे येऊन पाच वर्षं झाली होती. मी पोहोचले तो तिसरा दिवस होता. पंचनामा, शवविच्छेदन, आकस्मिक मृत्यूची नोंद हे सगळं काकांनी एकट्याने पार पाडलं होतं. महापालिकेकडून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं नसतं. तो कागद हातात आल्यावर काका एवढंच म्हणाले, "यावर काही नाहीये." त्या संध्याकाळपासून आमच्या घरात तो 'हार्ट अटॅकने' गेला. गुरुजींनी नारायणबळी सांगितला. डिसेंबरात आई आणि काका तीन दिवस त्र्यंबकेश्वरला राहून तो करून आले, तेव्हा मी इकडे परतले होते. त्यानंतर त्याचा फोटो भिंतीवर लागला नाही. कोणी विषय काढला की आई स्वयंपाकघरात निघून जायची. तो कसा गेला हे लपवता लपवता तो कसा होता हे बोलणंही आम्ही बंद केलं, आणि मला सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला.

जून 2024 मध्ये मुलाला घेऊन गावातल्या लायब्ररीत गेले होते. सूचनाफलकावर, बागकामाच्या वर्गाच्या पत्रकाशेजारी, या वॉकचं पत्रक लावलेलं होतं. मी त्याचा फोटो काढला आणि फोन पर्समध्ये टाकला.

हा वॉक 'अमेरिकन फाउंडेशन फॉर सुइसाइड प्रिव्हेन्शन' ही संस्था भरवते. संस्था 1987 ची. 2002 मध्ये त्यांनी रात्रभर चालायचा पहिला मोठा वॉक केला, आणि 2004 पासून गावोगावी सकाळचे छोटे वॉक सुरू झाले. आता सप्टेंबर ते नोव्हेंबरात ते शेकडो ठिकाणी होतात. नोंदणी फुकट असते. निधी गोळा करणं ऐच्छिक आहे, एक डॉलरही न जमवता चालता येतं. मला हे आधी माहीत नव्हतं. पैसे भरावे लागतील, नाहीतर लोकांकडे मागावे लागतील, या विचारानेच मी मागे सरत होते. तुम्हीही त्यामुळे थांबला असाल तर थांबू नका.

23 जूनला नोंदणीचा फॉर्म उघडला. नाव, पत्ता, वेव्हर, म्हणजे जोखीम आपली असल्याचं संमतिपत्र. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांनी करायची संमती वेगळी. हे पाच मिनिटांत झालं. मग प्रश्न आला की तुमचं या विषयाशी नातं काय. खाली पर्याय होते आणि त्यांत एक होता, भाऊ किंवा बहीण गमावलेली व्यक्ती. मी लॅपटॉप बंद केला. तो टॅब दोन आठवडे तसाच उघडा राहिला. 7 जुलैच्या रात्री, घरातले झोपल्यावर, तो पर्याय निवडून फॉर्म पाठवला. मी काय आहे हे मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं ते एका वेबसाइटला.

टीमचं नाव विचारलं तेव्हा मात्र विचार करावा लागला नाही. 'आसारी' लिहिलं. येवल्याला मांजाच्या फिरकीला आसारी म्हणतात. मावशी येवल्याची. भोगी, संक्रांत आणि कर असे तिन्ही दिवस तो तिच्या गच्चीवर असायचा. मी आसारी धरायची आणि त्याने पतंग उडवायचा, ही वाटणी तो सहा वर्षांचा असल्यापासूनची. ढील द्यायला जरा उशीर केला तर तो मागे न बघता नुसता डावा हात हलवायचा.

आता आईला सांगायचं होतं. इथे रविवारी सकाळचे साडेआठ म्हणजे तिकडे संध्याकाळचे सहा, आमची फोनची ठरलेली वेळ. तीन रविवार मी भाज्यांचे भाव विचारून फोन ठेवला. 28 जुलैला सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कशाला उकरतेस आता? झाकलेलं आहे ते झाकलेलं राहू दे." मी म्हटलं, "आई, मी रडायला नाही जात, चालायला जाते." ती म्हणाली, "चाल. पण त्याचं नाव कुठे छापू नको." मी कबूल केलं. याहून जास्त तिच्याकडून त्या दिवशी अपेक्षा करणं चूक होतं, हे मला आता कळतं.

ऑगस्टमध्ये निधीचं पान तयार केलं. काय लिहायचं? पुष्कळ लोक आपल्या माणसाची गोष्ट लिहितात, फोटो लावतात. मला ते करता येणार नव्हतं. मी लिहिलं की माझा धाकटा भाऊ गेला, तो आजारी होता आणि ते आम्हाला कोणालाच नीट कळलं नाही. पुढे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा दिला : 2022 मध्ये भारतात 1,70,924 माणसं आत्महत्येने गेली, त्यातली 22,746 महाराष्ट्रातली, आणि राज्यांमध्ये हा आकडा सगळ्यात मोठा. तो टाकण्यामागचा हेतू एकच होता. आमच्या नातेवाइकांनी वाचलं तर त्यांना कळावं की हे फक्त आमच्याच घरात घडलेलं नाही.

शब्दांवरही बरेच दिवस अडले. इंग्रजीत आता या मृत्यूबद्दल बोलताना गुन्ह्यासाठी वापरायचं 'कमिट' हे क्रियापद टाळा असं सांगतात. आपल्या शब्दातच 'हत्या' आहे. आणि आपल्याकडे आत्महत्येचा प्रयत्न कायद्याने खरोखर गुन्हाच होता. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा 29 मे 2018 ला लागू झाला तेव्हा ती पकड सैल झाली, आणि 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत दंड संहितेचं ते जुनं 309 कलम उरलं नाही. माझ्या भावाने 2015 मध्ये एकदा प्रयत्न केला होता. त्या वेळी घरच्यांनी दवाखान्यात वेगळंच कारण सांगितलं होतं, पोलिसांची भीती म्हणून. त्यामुळे त्याला जो डॉक्टर भेटायला हवा होता तो भेटलाच नाही. एवढ्या एकाच गोष्टीने तो गेला असं मी म्हणत नाही. अशा मृत्यूला एक कारण नसतं. पण ती संधी आमच्या हातून गेली. त्यामुळे मी आता 'आत्महत्येने गेला' असं म्हणते. जीभ अजून अडखळते, पण हेच म्हणते.

पैशांचं जरा सविस्तर सांगते, कारण यात माझे बरेच दिवस गेले. माझी कंपनी कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम स्वतः देते, वर्षाला एका मर्यादेपर्यंत. मी 250 डॉलर भरले आणि कंपनीच्या पोर्टलवर अर्ज केला. तीन आठवड्यांनी तो परत आला. संस्थेच्या जागी मी वॉकचं नाव लिहिलं होतं. तिथे फाउंडेशनचं पूर्ण नाव आणि करसवलतीचा नऊ आकडी क्रमांक लागतो. तो देणगीच्या पावतीवर असतो, म्हणून पावतीची ई-मेल जपून ठेवा. पुन्हा अर्ज केला, ते पैसे 12 डिसेंबरला जमा झाले. वॉक संपला तरी देणग्या 31 डिसेंबरपर्यंत घेतात, त्यामुळे उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. भारतातून देणारे असतील तर आधी त्यांच्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते विचारा. माझ्या मामेभावाचं कार्ड चार वेळा नाकारलं गेलं. शेवटी मी त्याला म्हटलं, तू तेच पैसे पुण्याच्या कनेक्टिंग ट्रस्टला दे, ते आपल्याकडे हेच काम करतात. त्याने दिले, आणि रात्री मला मेसेज केला, "ताई, मला खरं माहीत होतं. तुम्ही बोलत नव्हतात म्हणून मीपण नाही बोललो." असे त्या दोन महिन्यांत पाच मेसेज आले. आठ वर्षं आम्ही ज्यांच्यापासून लपवत होतो, त्यांतल्या बहुतेकांना माहीत होतं.

ऑगस्टच्या शेवटी माझी झोप उडाली. रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. संस्थेची 'हीलिंग कॉन्व्हर्सेशन्स' नावाची सोय आहे. फॉर्म भरला की प्रशिक्षण घेतलेला एक स्वयंसेवक तुमच्याशी बोलतो, आणि त्यानेही आपलं माणूस असंच गमावलेलं असतं. शक्यतो नातंही जुळवून देतात. मला एका बाईंचा फोन आला, त्यांचाही भाऊ गेलेला. चाळीस मिनिटं बोललो. त्यांनी विचारलं, "त्याला हसू कशाने यायचं?" त्याच्याबद्दल इतक्या वर्षांत मला कोणी असं काही विचारलं नव्हतं. आमच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला अहो-जाहो करायचे. भाऊ त्यांची हुबेहूब नक्कल करायचा आणि ती पुरी व्हायच्या आत स्वतःच हसत सुटायचा. मी हे त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत होते आणि आम्ही दोघी हसत होतो. वॉकला जायचं धाडस होत नसेल तरी हा फोन जरूर मागा.

मुलाला सांगणं राहिलं होतं. तो नऊ वर्षांचा. आठवडाभर वाक्यं जुळवली. शेवटी पोळ्या लाटताना सांगितलं, तो समोर गृहपाठ करत बसला होता. "मामा मनाने खूप आजारी होता. त्या आजारात त्याने स्वतःचा जीव घेतला." त्याने पेन्सिल ठेवली. "औषध नव्हतं?" "होतं. आपल्याला वेळेवर देता आलं नाही." "तुला होईल का?" मी म्हटलं, "मला तसं वाटायला लागलं तर मी बाबाला सांगेन, डॉक्टरकडे जाईन. तुला कधी वाटलं तर तू आम्हाला सांगायचं, आम्ही रागावणार नाही." त्याने मान हलवली आणि पोळी मागितली. मुलांना एका वेळी एवढंच पुरतं. नंतर दोन दिवसांनी त्याने आणखी तीन प्रश्न विचारले.

पितृपक्ष आला. अपघाती किंवा अशा मृत्यूने गेलेल्यांचं श्राद्ध आपल्याकडे चतुर्दशीला करतात. ती 1 ऑक्टोबरला होती. दरवर्षी काका घरी पान वाढतात, नाव न उच्चारता. त्या दिवशी मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून त्याचं नाव मोठ्याने घेतलं.

3 तारखेला घट बसले. शनिवारी रात्री टीम कॅप्टनसाठीची शेवटची ई-मेल पुन्हा वाचली. नोंद साडेआठपासून, कार्यक्रम दहाला, मग चालणं. पार्किंग लांब आहे, लवकर या. टी-शर्ट दीडशे डॉलर जमवणाऱ्यांना. आम्ही सात जण होतो : आम्ही तिघं, ऑफिसातल्या दोन मैत्रिणी आणि शेजारचं तेलुगू जोडपं.

सकाळ थंड होती. काउंटी पार्कचं गवत दवाने भिजलेलं, बुटातून पाणी आत गेलं. (मोज्यांचा एक जोड जास्त न्या.) तंबूंच्या रांगा होत्या. एकात गरम कॉफी आणि सफरचंदं, एकात समुपदेशक, एकीकडे आठवणींचा फलक, तिथे लोक आपल्या माणसांचे फोटो टाचत होते. अंगाखांद्यावर खेळू देणारी, खास शिकवलेली तीन कुत्री आणली होती, मुलगा तिकडेच रमला. एक गोष्ट माझ्या लगेच लक्षात आली. कोणी कसा गेला हे कोणी विचारत नव्हतं. व्यासपीठावरूनही कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ते मुद्दाम पाळलेलं पथ्य आहे, अशा तपशिलांनी दुसऱ्या एखाद्या खचलेल्या माणसाला धोका होतो म्हणून.

मग माळांचं टेबल. प्लॅस्टिकच्या मण्यांच्या माळा, रंगांप्रमाणे ढीग करून ठेवलेल्या. पांढरी अपत्य गेलेल्यांची. लाल जोडीदार गेलेल्यांची. सोनेरी आई किंवा वडील. नारिंगी भाऊ किंवा बहीण. जांभळी इतर नातेवाईक नाहीतर मित्र. हिरवी ज्यांनी स्वतः हे भोगलं आहे त्यांची, निळी नुसत्या पाठिंब्याची. आणखीही रंग होते. आपण आपला रंग उचलायचा. एकाहून जास्त घेता येतात. टेबलामागे साठीचे एक गृहस्थ उभे होते, त्यांच्या गळ्यात पांढरी. मी नारिंगी ढिगाकडे बघत उभी राहिले. माझ्या मागे रांग होती पण त्यांनी घाई केली नाही. मी एक माळ उचलली. फारच हलकी होती, लग्नात लहान मुलींना वाटतात तसली. ती गळ्यात घातली आणि आठ वर्षांत पहिल्यांदा काही न सांगता सगळ्यांना सगळं कळलं. नवऱ्याने जांभळी घेतली. मुलाने मला विचारलं, "मामाला मी बघितलंय ना?" तो गेला तेव्हा हा दीड वर्षाचा होता, मामाच्या कडेवर बसून नाशकात फिरला होता. त्यालाही जांभळी.

मी त्या गृहस्थांना म्हटलं, "माझी आई भारतात आहे. तिच्यासाठी एक पांढरी मिळेल?" त्यांनी ढिगातून एक काढली, गुंता सोडवला आणि कागदी पिशवीत घालून दिली. काहीच बोलले नाहीत.

कार्यक्रमात एकेक रंग पुकारतात आणि त्या रंगाची माळ घातलेले सगळे हात वर करून ती धरतात. नारिंगी पुकारल्यावर मी हात वर केला आणि बाजूला पाहिलं. चार माणसं सोडून आमच्या मराठी मंडळाच्या काकू उभ्या होत्या. गणपतीत नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली मी मोदक मोजलेत. त्यांचाही हात वर, हातात नारिंगी माळ. आमची नजरानजर झाली. चालायला सुरुवात झाल्यावर त्या माझ्या शेजारी आल्या.

"तुझा कोण?"

"धाकटा. तुमचा?"

"थोरला. चौऱ्याऐंशी साली, सांगलीत."

पुढचा मैलभर आम्ही एकमेकींचा हात धरून चाललो. मग त्या म्हणाल्या, "मंडळात कोणाला सांगू नकोस असं म्हणणार होते. पण नको. सांग खुशाल." त्यांना हे बोलायला चाळीस वर्षं लागली होती.

अडीच मैलांना तासभर लागला. ही शर्यत नसते. व्हीलचेअर, बाबागाड्या, काठ्या टेकत चालणारे आजोबा, सगळे होते. मला वाटलं होतं की मी कोसळेन. तसं झालं नाही. कोसळले ते घरी आल्यावर, दुपारी, मळके मोजे मशीनमध्ये टाकताना. त्या दिवशी संध्याकाळी काही ठरवू नका आणि दुसऱ्या दिवशी शक्य असेल तर सुट्टी घ्या. मी घेतली नव्हती, सोमवारची सकाळ फार जड गेली.

आमच्या टीमचे कंपनीचे पैसे धरून 1,390 डॉलर जमले. माझा स्वतःचा खर्च म्हणजे दिलेले 250 आणि पेट्रोल, टोल, सगळ्यांचा नाश्ता मिळून साठेक डॉलर. 23 नोव्हेंबरला अशा मृत्यूने मागे राहिलेल्यांचा आंतरराष्ट्रीय दिवस होता. तो दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी असतो. सिनेटर हॅरी रीड यांनी आपल्या वडिलांना असंच गमावलं होतं, त्यांच्याच ठरावामुळे 1999 मध्ये तो ठरला. त्या कार्यक्रमाला काकू आणि मी बरोबर गेलो.

हे वाचताना तुम्हाला स्वतःलाच जगणं नकोसं वाटत असेल, तर वॉक वगैरे नंतर. अमेरिकेत 988 वर फोन किंवा मेसेज करा, 2022 पासून हा नंबर सुरू आहे, फोनवर दुभाषी मागता येतो. भारतात टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. 2016 मध्ये यातला एकही नंबर नव्हता.

डिसेंबरच्या शेवटी नाशिकला गेले. पांढरी माळ तीन दिवस माझ्या बॅगेतच होती. चौथ्या दिवशी दुपारी आई तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा ती कागदी पिशवी तिच्यासमोर ठेवली आणि रंगांचं सांगितलं. तिने माळ बाहेर काढली, पदराने पुसली, आणि जपाला बसल्यासारखी एकेक मणी सरकवत मोजत गेली. मध्ये चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"एकशे आठ नाहीत गं," म्हणाली.

मग उठून कपाट उघडलं. खालच्या खणात, त्याच्या शाळेच्या दाखल्यांमागे, जुन्या साडीत गुंडाळून तिने त्याची आसारी ठेवली होती, मांजासकट. मला माहीत नव्हतं. तिने साडी सोडली, माळ आसारीच्या दांडीला दोन वेढे देऊन अडकवली आणि आसारी बाहेर, टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवली.

संध्याकाळी शेजारच्या वहिनी वाटी द्यायला आल्या. फळीकडे बघून म्हणाल्या, "ही कोणाची हो?"

आईने त्याचं नाव सांगितलं.